स्वभाव आणि श्रद्धा : पंडिता रमाबाईंच्या पत्रसंग्रहाचें परीक्षण

पंडिता रमाबाई यांचीं इंग्रजी पत्रें व त्यांस आलेलीं उत्तरें यांचा संग्रह कै. अ. भि. शहा यांनीं संपादून इ. स. १९७७ मध्यें महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळामार्फत प्रसिद्ध केला, त्यास आतां बराच काळ लोटला. चरित्रकारांनीं या पत्रांचा उपयोग भरपूर केला आहे. परंतु कागद या दृष्टीनें त्यांचें परीक्षण व्हावें तसें झालेलें नाहीं. तें करण्यास आम्ही प्रवृत्त झालों याचें कारण मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका टिपणांत रमाबाईंविषयीं 'स्वभावानें हट्टी व मानी' असे शब्द आम्ही सहज लिहून गेलों होतों. एका वाचकानें पत्र पाठवून, यास आधार कोणता, असें विचारलें. आधार शोधूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, ते शब्द रमाबाईंच्या कोणत्याहि कृत्यावरून काढलेले नसून संग्रह जुळविणाऱ्या बाईंच्या शेऱ्यांवरून आमच्या लेखणींत उतरले होते. बखरकाराचें मत अस्सल पत्राचा मजकूर म्हणून उचलल्याचा दोष आपण इतरांच्या पदरीं नेहमीं बांधतों. तोच आमच्या हातून घडला होता.

संग्रह जुळविणाऱ्या बाई म्हणजे इंग्लंडांतील वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या सिस्टर जेराल्डिन. इ. स. १८८३ त रमाबाई इंग्लंडास गेल्या त्या याच संघाच्या आश्रयास. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांनीं कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या धर्मशिक्षणाची चिंता जेराल्डिनबाईंनीं वाहिली. रमाबाई त्यांस 'आजीबाई' असें मराठी नांवानें संबोधीत. हें प्रेमाचें नातें शेवटपर्यंत तुटलें नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवणें बरें. कारण पुढें जो वाद दिसतो तो दोन वैऱ्यांमधला नव्हे. १८८४ पासून १८८६ पर्यंत रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत होत्या व तेथील मुख्याध्यापिका डोरोथिआ बील यांच्या सान्निध्यांत त्यांचें अध्ययन-अध्यापन चालू होतें. वाँटेज आणि चेल्टनहॅम यांच्या दरम्यान या काळांत जीं पत्रें गेलीं-आलीं, तींच या संग्रहाचा गाभा होत.

वादाचा विषय श्रद्धेचा आहे. बाप्तिस्मा घेतल्यावरहि ख्रिस्ती त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंच्या बुद्धीस पटेना. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीं त्यांस शंका होत्या. आणि आपण ख्रिस्ताच्या अनुयायी झालों याचा अर्थ इंग्लंडच्या चर्चची प्रत्येक आज्ञा मान्य केली असा होत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. मे १८८५ मधील एका पत्रांत त्या स्पष्ट लिहितात कीं, आपल्यास स्वतःची सदसद्विवेकबुद्धि आहे. हिंदुस्थानांतील पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, तें तशाच दुसऱ्या जुवाखालीं मान देण्यासाठीं नव्हे. या शंकांस जेराल्डिनबाईंचें उत्तर काय? शंकेचें निरसन थोडें, आणि शंकेच्या उगमाचें निदान फार. बाईंच्या मतें शंकेचा उगम बुद्धींत नसून स्वभावांत आहे. रमाबाईंच्या अंगीं गर्व आहे, आपमतलबी नव्हे पण आपमतीपणा आहे, नम्रता कमी आहे; ती आली म्हणजे सिद्धांत आपोआप पटेल.

येथें आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. मनुष्याचा स्वभाव आणि त्याची ख्रिस्ती श्रद्धा यांचा संबंध काय? श्रद्धाळू म्हणतो, श्रद्धेनें मनुष्य नवा जन्म पावतो, तेव्हां जुना स्वभाव गळून पडतो. अश्रद्ध म्हणतो, श्रद्धा ही स्वभावाचीच पडछाया. भित्र्यास देव हवा, मान्यास नको. जेराल्डिनबाईंची गंमत अशी कीं, रमाबाईंनीं हिंदु धर्म सोडला त्या ठिकाणीं त्या पहिलें मत स्वीकारतात आणि चर्चचा सिद्धांत नाकारला त्या ठिकाणीं दुसरें. पुरोहितांचा अधिकार झुगारणारी रमा ही सत्याची साधक. बिशपांचा अधिकार झुगारणारी रमा ही गर्विष्ठ. स्वभावगुण एकच, पण पलीकडच्या तीरावर असतां सद्गुण आणि अलीकडच्या तीरावर आल्यावर दुर्गुण! म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, या संग्रहांतील 'गर्व' हा शब्द निरीक्षणाचा नाहीं, तो सिद्धांताचा आहे. ख्रिस्ती नीतिशास्त्रांत गर्व हें पापांतील आद्य पाप मानिलें आहे. ज्यानें नाकारलें त्याच्या ठायीं गर्व असणारच, असा त्या शास्त्राचा हिशेब. अशा शब्दास स्वभाववर्णनाची साक्ष म्हणून उचलणें म्हणजे महजरांतील प्रतिवादीच्या कैफियतीस निवाडा समजणें होय.

अलीकडे मानसशास्त्रज्ञांनीं या प्रश्नास मापें लावलीं आहेत. विल्यम जेम्स या अमेरिकन पंडितानें १९०१-०२ मध्यें एडिंबरो येथें दिलेलीं व्याख्यानें १९०२ मध्यें ग्रंथरूपानें निघालीं. त्यांत त्यानें जन्मतः प्रसन्न मनाचे भाविक आणि क्लेशांतून दुसरा जन्म घेणारे भाविक असे दोन प्रकार पाडले. त्यानंतर स्वभावाचीं पांच अंगें मानण्याची पद्धति पडली : नावीन्याविषयीं मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि मनाची अस्थिरता. बेल्जममधील सारोग्लू यांनीं २००२ मध्यें अनेक पाहण्यांचे आंकडे एकत्र करून दाखविलें कीं, धार्मिक मनुष्यांत सौजन्य व कर्तव्यदक्षता हीं इतरांहून किंचित् अधिक आढळतात, आणि अक्षरनिष्ठ कट्टर धार्मिकांत मोकळेपणा किंचित् कमी. या पाहण्या बहुतांशीं ख्रिस्ती समाजांतील आहेत व त्यांत दिसणारा संबंध अगदीं हलका आहे. आम्हांस त्यांविषयीं आदर आहे. परंतु हजार माणसांच्या सरासरीवरून एका माणसाचें एक पत्र वाचतां येत नाहीं. शिवाय सौजन्य कोणाचें मोजावयाचें, हा प्रश्न राहतोच. वाँटेजच्या तराजूंत रमाबाईंचें सौजन्य उणें भरलें. केडगांवच्या दुष्काळपीडित मुलींच्या तराजूंत तें किती भरलें असतें?

तेव्हां आपल्या जुन्या पद्धतीनेंच गेलें पाहिजे. स्वभावाचा गुण म्हणून जो सांगावयाचा, तो श्रद्धा बदलण्यापूर्वींच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही काळांतील कृत्यांत दिसला पाहिजे, आणि ज्याचा त्या वादांत हितसंबंध नाहीं अशा साक्षीनें तो सिद्ध झाला पाहिजे. ही कसोटी रमाबाईंस लावूं.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रींतील गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव भक्त, कर्मठ, जातीचे नियम पाळणारे. तरी त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें. याबद्दल उडुपीच्या पंडितांपुढें त्यांस जाब द्यावा लागला. शास्त्रीबोवांनीं काय केलें? बंड केलें नाहीं आणि शरणहि गेले नाहींत. स्त्रियांनीं संस्कृत शिकण्यास शास्त्राची हरकत नाहीं हें मूळ ग्रंथांतील आधार काढून दाखविलें. हें घराणें असें. अधिकारी पुरुष सांगतो म्हणून नव्हे, तर मूळ पोथींत आहे म्हणून मानावयाचें, हें बाळकडू रमाबाईंस आईच्या मुखांतून मिळालें, कारण भागवताचे श्लोक त्यांस आईनेंच शिकविले होते. पुढें दुष्काळानें आईबाप गेले, भाऊ श्रीनिवास याच्यासह पायीं भारतभ्रमण झालें, १८७८ त कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. त्याच शहरांत केशवचंद्र सेन यांनीं वेद वाचण्याविषयीं सुचविलें. स्त्रियांस वेदाधिकार नाहीं म्हणून तोंवर न वाचलेले ग्रंथ त्यांनीं वाचले; व्याख्यानांसाठीं धर्मशास्त्रें उलगडलीं; आणि स्त्रीविषयीं तेथें काय लिहिलें आहे हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावर त्यांची जुनी श्रद्धा ढासळली. हिंदु धर्मावरील त्यांची श्रद्धा मिशनऱ्यांनीं मोडली नाहीं; ती पोथीवाचनानें मोडली. ख्रिस्ती शास्त्राशीं त्यांचा पहिला परिचयहि असाच, सिल्चर येथें घरच्या पुस्तकांत सांपडलेल्या लूककृत शुभवर्तमानाच्या बंगाली प्रतीनें झाला.

म्हणजे इंग्लंडचा किनारा दिसण्यापूर्वीं कित्येक वर्षें हा गुण सिद्ध आहे, आणि त्याचें नांव गर्व असें ठेवण्यास आम्हांस कोठेंहि आधार सांपडत नाहीं. त्यास 'मूळ पाहिल्याविना न मानणें' असें साधें नांव द्यावें. हाच गुण त्यांस हिंदु धर्मांतून बाहेर घेऊन गेला, हाच ख्रिस्ताकडे घेऊन आला, आणि याच गुणानें त्यांस चर्चच्या उंबरठ्यावर उभें ठेविलें. सिद्धांत बदलले, मानण्याची रीत बदलली नाहीं.

संग्रहांतील तीन प्रकरणें या दृष्टीनें वाचण्यासारखीं आहेत. पहिलें अध्यापनाचें. चेल्टनहॅम येथें रमाबाईंनीं तरुण पुरुषांस शिकवावें असा विचार निघाला, तेव्हां मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं त्यास हरकत घेतली. हिंदुस्थानांत त्याचा परिणाम वाईट होईल, असें त्यांचें मत. रमाबाईंनीं उलट विचारलें कीं, ज्या गोष्टीस आपल्या पित्यानें व पतीनें कधीं हरकत घेतली नाहीं ती इंग्रजांनीं कां घ्यावी? कर्मठ वैष्णव शास्त्रीबोवा या बाबतींत दोन बिशपांहून उदार ठरले, हें नमूद करतांना आम्हांस थोडें हसूं आलें तर वाचक क्षमा करतील.

दुसरें क्रुसाचें. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें असावींत कीं संस्कृत, असा प्रश्न होता. रमाबाईंचें मागणें संस्कृताचें. लॅटिन आपल्यास येत नाहीं, आपल्या देशभगिनींस येत नाहीं, मग न समजणाऱ्या भाषेंतील अक्षरांत अधिक पावित्र्य कसलें? मंत्र समजला नाहीं तरी उच्चारल्यानें पुण्य, या कल्पनेशीं भांडूनच तर त्या बाहेर पडल्या होत्या. ही मागणी वाँटेजला हट्ट वाटली. आमच्या मतें ती सर्व पत्रव्यवहारांतील अत्यंत सुसंगत मागणी आहे.

तिसरें अन्नाचें, आणि तें सर्वांत मौल्यवान. रमाबाई मांस खात नसत. अंडें घातलेलें पक्वान्नहि वर्ज्य करीत. जेराल्डिनबाईंस यांत जातीचा अभिमान दिसला. उत्तरीं रमाबाईंनीं जें लिहिलें त्यांत विनोद आणि शास्त्र दोन्ही आहेत. माझा गर्व शोधावयाचाच तर तो गोडाच्या ताटांतहि खुशाल शोधा, असें म्हणून त्या विचारतात कीं, एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्यें जाऊन राहिली आणि कोणास न दुखविणाऱ्या आपल्या चालीरीती तिनें तशाच ठेविल्या, तर तिला गर्विष्ठ व दुराग्रही म्हटलेलें तिला आवडेल काय? संशोधकानें ही कसोटी सुवर्णाक्षरांनीं लिहून ठेवावी. ज्या वर्तनास आपण स्वभावदोष म्हणतों, तेंच वर्तन पक्षकारांची अदलाबदल केली असतां दोष राहतें कीं नाहीं? न राहिलें तर तो दोष स्वभावाचा नसून पाहणाराच्या जागेचा. नाना फडणिसांच्या आत्मवृत्तांतील प्रांजळ कबुली हातांत धरून त्यांस जन्माचे भित्रे ठरविणाऱ्या आपल्यांतील कांहीं लेखकांनीं ही कसोटी लाविली असती, तर पुष्कळ शाई वांचली असती.

डोरोथिआ बील यांचीं पत्रें याच संग्रहांत आहेत, आणि तीं जेराल्डिनबाईंच्या शेऱ्यांस संग्रहाच्या आंतूनच उत्तर देतात. बीलबाईहि श्रद्धावान् ख्रिस्ती. पण त्यांचें निदान निराळें. रमाबाईंस ख्रिस्ती धर्म तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासूं दिला पाहिजे, केवळ इतिहासांत घडलेला साक्षात्कार म्हणून तो त्यांच्या गळीं उतरणार नाहीं, त्यांच्या विवेकास तो पटला पाहिजे, असें त्या सांगतात. शंकेस त्या शंका समजतात व युक्तिवादानें उत्तर देतात. रमाबाईंचा सूरहि या पत्रांत निराळा लागतो : प्रश्न लांबलचक, तर्क बारीक, चिडखोरपणाचा लेश नाहीं. एकाच महिन्यांत एका बाईस लिहितांना जी हेकट दिसते ती दुसरीस लिहितांना जिज्ञासु दिसते, याचा अर्थ उघड आहे. पत्रांतील स्वभाव हा निम्मा लिहिणाराचा आणि निम्मा ज्यास लिहिलें त्याचा असतो. एकतर्फी पत्रसंग्रहावरून चरित्रें रचणारांनीं हें विसरूं नये.

पण एवढ्यावरून स्वभाव श्रद्धा ठरवितो, असा सिद्धांत काढूं पाहणारास एक गृहस्थ आडवे येतात. ते म्हणजे नीळकंठशास्त्री, पुढें नेहेम्या, गोऱ्हे. रमाबाईंप्रमाणेंच चित्पावन, तसेच संस्कृतांत मुरलेले, तसेच तर्काचे बहाद्दर. १८२५ चा जन्म, काशींत वाढले. जॉन म्यूर याच्या 'मतपरीक्षा' या ग्रंथास उत्तर म्हणून त्यांनीं तरुणपणीं 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ख्रिस्ती मताचें खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला. याची प्रत शंभर वर्षें हस्तलिखितांत पडून होती. उज्जयिनीस १९५१ मध्यें ती छापून निघाली, हें आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. १८४८ त त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि १८६० त 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाहि दर्शनांचें खंडन केलें. हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून पाहावीं. पक्ष संपूर्ण उलटला, पण पूर्वपक्ष मांडण्याची धाटणी, प्रतिपक्षाच्याच वचनांत त्यास अडकविण्याची हातोटी, सर्व तेंच. नवा जन्म झाला तो निष्ठेचा. लेखणी जुन्याच हातांत राहिली.

येथपर्यंत गोऱ्हे रमाबाईंस जुळतात. पुढें फांटा फुटतो. रमाबाईंची शंका त्यांस चर्चपासून दूर ठेवी. गोऱ्ह्यांची शंका त्यांस चर्चच्या अधिकाधिक आंत ढकली. त्यांचें मन जन्मभर शंकांनीं पोळलेलें होतें, आणि त्यांतून सुटण्यासाठीं त्यांनीं परंपरेचा व अधिकाराचा आधार घट्ट धरला. ऑक्सफर्ड जवळच्या काउली येथील संन्यासी संघांत ते उमेदवार म्हणून दाखल झाले, परंतु अखेरचें व्रत त्यांनीं घेतलें नाहीं. म्हणजे आश्रय तर हवा, पण शेवटची गांठ बांधवेना. १८९५ त ते निवर्तले. कुल, विद्या, बुद्धि, भाषा, चर्च हीं सर्व जवळजवळ समान असतां दोघांची श्रद्धा दोन रीतींनीं वसली. अधिक नवल असें कीं, रमाबाईंच्या शंका फिटण्यास गोऱ्ह्यांच्याच लेखांची मदत झाली, हें त्यांनीं आपल्या आत्मनिवेदनांत कृतज्ञतेनें सांगितलें आहे. स्वतःच्या शंकेनें पोळलेला मनुष्य दुसऱ्याची शंका फेडतो. जेराल्डिनबाईंच्या नम्रतेच्या उपदेशास जें साधलें नाहीं, तें याला साधलें.

आमच्या साहित्यांतील दुसरीं उदाहरणें येथें धांवतींच सांगतों. बाबा पदमनजी यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रांत परमहंस सभेंतील मंडळींशीं आलेला त्यांचा संबंध व त्यांचें धर्मांतर यांची हकीकत आहे. पण तें पुस्तक श्रद्धेच्या प्रचारासाठीं लिहिलेलें असल्यानें स्वभावाच्या साक्षीस तें जपून घ्यावें. त्याच्या उलट लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळकांनीं १८९५ त बाप्तिस्मा घेतला. त्यांचा तापटपणा, उदारपणा, घरांत नाहीं तें दुसऱ्यास देण्याची वृत्ति, मनांत आलें कीं उठून चालूं लागणें, हें बाप्तिस्म्यापूर्वीं जसें होतें तसेंच नंतरहि असल्याचें बाईंनीं सहज लिहून ठेविलें आहे. १९१७ त मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढणारे टिळक हे जुनेच टिळक होत. स्वतः बाईंनीं सोवळें टाकलें तें हळूहळू, एकेक पायरीनें, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्यें, पतीच्या पांच वर्षें मागाहून. नवऱ्याची चूल वाचविण्यासाठीं नव्हे, आणि नवऱ्याचें सिद्ध करण्यासाठींहि नव्हे, अशा निर्हेतुक साक्षीचें मोल फार.

आतां आमच्या मतास बाध आणणारा पुरावाहि पुढें ठेविला पाहिजे. रमाबाई स्वतः म्हणतात कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें आपल्यास ख्रिस्ती धर्म सांपडला होता, पण ख्रिस्त सांपडला नव्हता. १८९१ च्या सुमारास, हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाद्र्याचें आत्मवृत्त वाचून, त्यांच्या अंतःकरणांत पालट झाला. पुढें १९०५ त मुक्तिसदनांत जी भक्तीची लाट उसळली, तींत त्यांनीं शरणागतीची भाषा मनापासून वापरली आहे. ज्या त्रैक्यावर त्या एके काळीं अडून बसल्या होत्या, त्याविषयीं नंतर वाद घातलेला दिसत नाहीं. मग जेराल्डिनबाईंचें निदान खरें ठरलें काय? गर्व गेला, श्रद्धा आली?

आम्हांस तसें वाटत नाहीं; तथापि स्वभाव अगदीं अचल असतो हेंहि आम्ही आतां म्हणणार नाहीं. मन मऊ झालें, हें उघड आहे. पण शरण त्या कोणास गेल्या? कोणत्याहि बिशपास नव्हे, कोणत्याहि संघास नव्हे. केडगांवचें मुक्तिसदन त्यांनीं कोणत्याच एका पंथाच्या ताब्यांत दिलें नाहीं. १८८९ त मुंबईस स्थापलेल्या शारदासदनावरून पुण्यांत १८९३ मध्यें गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारख्यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, तेव्हांहि त्या डळमळल्या नाहींत. मुलींस आपल्या प्रार्थनेच्या वेळीं येण्यास आपण बोलावीत नाहीं, पण दार लावूनहि घेणार नाहीं, हाच त्यांचा पवित्रा. इकडच्या लोकांस तो धर्मप्रसार वाटला. तिकडच्या लोकांस पूर्वीं त्यांचाच पवित्रा धर्मशैथिल्य वाटला होता. जोतीराव फुले यांनीं मात्र १८८५ मध्येंच 'सत्सार' काढून त्यांचा पक्ष घेतला होता. एका विदुषीनें विचारपूर्वक केलेली निवड म्हणून त्यांनीं त्या धर्मांतराकडे पाहिलें. त्यांची भाषा झणझणीत असली तरी स्वभावाची परीक्षा जेराल्डिनबाईंहून चोख होती.

आणि अखेरचा पुरावा त्या लाटेनंतरचा आहे. शरणागत झालेल्या या बाईंनीं म्हातारपणीं काय केलें? हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध बायबलाचें मुळावरून मराठी भाषांतर केलें. उपलब्ध भाषांतर त्यांस पुरेसें वाटलें नाहीं. खेड्यांतील बायांस कळेल अशा साध्या बोलींत तें हवें होतें. 'सरस्वती' पदवी मिळालेल्या विदुषीनें संस्कृत शब्द जाणूनबुजून गाळले, मुक्तिसदनाच्या छापखान्यांत तेथील बायांनीं खिळे जुळवून तें छापलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या तेव्हां काम पुरें होत आलें होतें, व संपूर्ण ग्रंथ १९२४ त निघाला. अनंतशास्त्र्यांनीं उडुपीच्या सभेंत मूळ ग्रंथ उघडून दाखविले होते. कन्येनें केडगांवीं तेंच केलें. क्रुसावर लॅटिन नको म्हणणारी आणि बायबलांत संस्कृत नको म्हणणारी ही एकच व्यक्ति आहे, हें ज्यास दिसत नाहीं त्यानें हीं पत्रें पुन्हां वाचावीं.

सिस्टर जेराल्डिन यांच्यावर आम्ही बरेंच लिहिलें, म्हणून त्यांचें ऋणहि लिहितों. ज्या पत्रांत आपला पराभव झाला आहे, ज्यांत आपली थट्टा झाली आहे, तीं त्यांनीं फाडलीं नाहींत. जपून ठेविलीं, नकलून काढिलीं, क्रमानें लाविलीं. आपल्याकडील किती दप्तरदारांविषयीं असें म्हणतां येईल? त्यांचे शेरे हे बखर आहेत व पत्रें हीं अस्सल आहेत, एवढा भेद वाचकानें ठेविला म्हणजे झालें. पुढील आवृत्ति निघेल तेव्हां शेरे व पत्रें निरनिराळ्या टाइपांत छापावीं, आणि मूळ कागदांशीं पुन्हां ताडून पाहावीं, अशी आमची सूचना आहे.

आमच्या त्या टिपणांतील 'हट्टी व मानी' हे शब्द आम्ही येथें परत घेतों. ज्या संग्राहकांजवळ रमाबाईंचीं अथवा मुक्तिसदनांतील बायांचीं मराठी पत्रें असतील, किंवा त्या बायबलाच्या जुन्या प्रती असून समासांत हस्ताक्षरें असतील, त्यांनीं कृपा करून त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. प्रती नव्यानें बांधून घेतांना समास मात्र कापूं नयेत.